सगळ्यांचा श्वास वीस

"श्वास वीस लिहायचा. का, ते विचारायचं नाही."

नोकरीच्या पहिल्या दिवशी परब सिस्टरनी मला वॉर्डातला हा नियम सांगितला, तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट अजून लॅमिनेटही केलं नव्हतं. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, चाळीस खाटा, प्रत्येक खाटेच्या पायाशी एक चार्ट. त्यावर ताप, नाडी, बीपी आणि श्वास असे चार रकाने. ताप थर्मामीटरने घ्यायचा, नाडी हाताने, बीपी मशीनने. श्वास मात्र कुणी मोजतच नव्हतं. मिनिटाला वीस, सगळ्यांचा. दम्याच्या आजोबांचा वीस, काविळीच्या मास्तरांचा वीस, नुसत्या तपासण्यांसाठी दाखल होऊन दिवसभर पत्ते खेळणाऱ्या शेठचाही वीस.

मी विचारलंच. परब सिस्टरनी हातातला ट्रे खालीही ठेवला नाही. "पोरी, पेशंट चाळीस, सिस्टर दोन. एकेकाच्या उशाशी एकेक मिनिट उभी राहिलीस तर इंजेक्शनं कोण देणार, तुझी आई?"

माझी आई कांदिवलीला पाळणाघर चालवते. ती देणार नव्हती. मी वीस लिहिला.

नर्सचे किस्से युनिफॉर्मच्या खिशात साठतात, कापसाच्या बोळ्यांसोबत, पेनांच्या टोपणांसोबत, चिकटपट्टीच्या तुकड्यांसोबत. धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे केले नाहीत तर सगळं एकमेकांना चिकटून बसतं आणि मग काहीच वेगळं काढता येत नाही. म्हणून आज करतेच उलटे.

*

चार वर्षांनी मी आणि परब सिस्टर एकाच बाकावर बसलो.

आमच्या हॉस्पिटलचं स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे. साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत, हॉस्पिटलच्या मागेच. डिप्लोमावाल्या नर्सना तिथे दोन वर्षांत बीएस्सीची डिग्री करता येते. सकाळी आठ ते एक कॉलेज, दोन ते आठ ड्युटी. अट एकच. दर वर्षी मेट्रन मॅडमचं शिफारसपत्र लागतं, की ही कामात चोख आहे, हिला वर्षभर दुपारचीच ड्युटी द्यावी. पत्र नाही तर ड्युटी फिरती. ड्युटी फिरली की हजेरी गेली आणि हजेरी गेली की डिग्री गेली. पहिल्या वर्षाचं पत्र आम्हा सगळ्यांना मिळालं होतं. दुसऱ्या वर्षाचं मिळवायचं होतं.

बोरिवलीच्या काकांनी विचारलं, हातात नोकरी असताना कोण शाळेत जातं? मी म्हटलं, ज्यांना आपली नोकरी कळावीशी वाटते ते. आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, मोठ्यांना उलट बोलू नये. का, ते तिने सांगितलं नाही. आमच्या घरातला श्वास वीस तो हाच.

आमची बॅच आठ जणींची. सगळ्यात लहान मी. सगळ्यात मोठ्या परब सिस्टर, वय अठ्ठेचाळीस, राहायला जोगेश्वरी, वडील गिरणीत होते. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण रागावल्या किंवा गहिवरल्या की मालवणी सुरू होते. त्यांच्या पलीकडे गायकवाड सिस्टर, घाटकोपरच्या, एकेचाळीस वर्षांच्या. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच होणार असं त्यांनी लग्नाआधी जाहीर केलं होतं. मध्ये दोन मुलं आणि सतरा वर्षं गेली, पण जाहीर केलेलं त्यांनी मागे घेतलं नाही.

आणि आम्हाला शिकवायला मिस. वय सव्वीस, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि परब सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या. हात पाठीमागे, नजर समोर, जसं मेट्रनच्या राउंडला उभं राहतात तसं.

"गुड मॉर्निंग मिस. एकूण आठ, हजर सात, एक सिक लीव्ह. बाकी सगळं ठीक."

मिस बिचाऱ्या हजेरीचा कागद उघडतच होत्या. त्यांनी तो मिटला.

*

इंजेक्शनचं प्रात्यक्षिक रबरी पुतळ्यावर होतं. ज्या बाईने आयुष्यात काही हजार इंजेक्शनं दिली आहेत तिला रबराच्या दंडाला सुई टोचून दाखवायला सांगणं मला अपमानास्पद वाटत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी सगळं दीड मिनिटात उरकलं आणि जागेवर जाऊन बसले.

परब सिस्टर पुतळ्याजवळ गेल्या. आधी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, इंजेक्शन देतंय हां. मुंगी चावल्यासारख्या वाटात. हात सैल सोडा."

वर्गात हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

मिस हसल्या नाहीत. त्यांच्या हातात मार्कांची यादी होती आणि तिच्यातली पहिलीच ओळ होती, पेशंटला काय करणार ते सांगणे. आठ जणींत तिथे एकीलाच मार्क पडले. माझे दोन कापले गेले. मी वाद घातला, की पेशंट रबराचा आहे, त्याला काय सांगायचं? मिस काही बोलायच्या आतच परब सिस्टर म्हणाल्या, "म्हणूनच. तो इचारणार नाय."

*

पहिल्या चाचणीत दहा मार्कांचा प्रश्न आला. बेशुद्ध पेशंटची काळजी कशी घ्याल, ते सविस्तर लिहा.

मी चार पानं लिहिली. व्याख्या, कारणं, प्रकार, आकृती, आकृतीला बाण. परब सिस्टरनी सव्वीस वर्षांत परीक्षेचं उत्तर लिहिलं नव्हतं, पण ड्युटीचा रिपोर्ट रोज लिहिला होता. त्यांनी सहा ओळी लिहिल्या. पेशंट बेशुद्ध अवस्थेत ताब्यात घेतला. तोंड साफ केलं. दर दोन तासांनी कूस बदलली. पाठीला मसाज केला. नातेवाइकांना कल्पना दिली. नवीन तक्रार नाही. खाली सही, तारीख, वेळ.

मिसनी त्यांना समजावलं, की कशी घ्याल असं विचारलं आहे.

"घेतली ना," परब सिस्टर म्हणाल्या.

त्या पेपरचं काय करायचं हे ठरवायला मिसना तीन दिवस लागले. शेवटी त्यांनी दहापैकी सात दिले. मला सहा. हे मात्र फार झालं. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि माझी चार पानं त्यांच्यासमोर पसरली. मिसनी ती शांतपणे चाळली.

"तन्वी, या चार पानांत तुझ्या पेशंटची कूस एकदाही कुणी बदललेली नाही."

*

गायकवाड सिस्टरना डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण तपासणीचा सराव करायचा होता. केस, डोळे, कान, मान, छाती, पोट, गुडघे, नखं, सगळं क्रमाने. चाळीस मिनिटं लागतात. घरात मुलं पळून गेली, नवरा म्हणाला मला गुदगुल्या होतात. राहिल्या सासूबाई. मूळ उस्मानाबादच्या, आयुष्यभर बांधकामावर विटा वाहिलेल्या. सूनबाईच्या शिक्षणावर त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की आधी पोळ्या करून जा.

गायकवाड सिस्टरनी त्यांना खाटेवर झोपवलं आणि सुरुवात केली. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, टाचांच्या भेगा बोटाने चाचपल्या, हाताचं एकेक बोट वाकवून बघितलं. सगळं संपल्यावर म्हातारी तशीच छताकडे बघत पडून राहिली. सिस्टर घाबरल्या. काही दुखलं का, म्हणून विचारलं.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या अंगाला इतका वेळ कुणी लक्ष दिलं न्हवतं."

पुढच्या रविवारी गायकवाड सिस्टर सकाळी दार उघडतात तो चाळीतल्या पाच म्हाताऱ्या बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या. सासूबाईंनी नंबर लावून ठेवले होते. आणि पोळ्या त्यांनी स्वतःच करून टाकल्या होत्या.

*

मग श्वासाचा तास आला.

हा धडा डिप्लोमालाही होता. तेव्हा मी तो पाठ केला होता, ऐकला नव्हता. मिस म्हणाल्या, हृदयाला थांब म्हटलं तर ते थांबत नाही, ताप उतर म्हटलं तर उतरत नाही. श्वास एकटा असा आहे की तो आपला आपण चालतो आणि हवा तेव्हा आपल्या हातातही येतो. आपण झोपतो तेव्हा तो आपल्याला सांभाळतो, आपण गातो तेव्हा आपण त्याला. आणि शरीरात काही बिघडायला लागलं की पुष्कळदा सगळ्यात आधी श्वासच बदलतो. नाडी, बीपी मागाहून.

मी आजूबाजूला बघितलं. आठ जणी, सगळ्या रोज चार्ट लिहिणाऱ्या. सगळ्या वहीत बघत होत्या.

मिसनी जोड्या लावल्या. एकमेकींचा श्वास मोजायचा, पूर्ण एक मिनिट. वर्गात पहिल्यांदा इतकी शांतता झाली. मिनिट संपल्यावर मिसनी आकडे फळ्यावर लिहिले. सतरा, बावीस, पंधरा, अठरा. आठ धडधाकट बायका आणि एकीचाही वीस नाही.

परब सिस्टरचा मी मोजला होता. चौदा.

"माझो चौदा?" त्यांनी विचारलं. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "मगे मी इतकी वर्षां कोणाचो श्वास लिवतंय?"

दुपारी ड्युटीवर जाताना मी एक ठरवून टाकलं. मोजल्याशिवाय लिहायचं नाही. वेळ मिळाला नाही तर रकाना कोरा.

*

पहिल्या दिवशी मी चाळीसच्या चाळीस मोजायचं ठरवलं.

मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. चाळीस माणसं एका खोलीत एकाच वेळी श्वास घेत होती आणि चार वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. साकीनाक्याच्या वर्कशॉपात पितळ घासणाऱ्या काकांचा श्वास सुटताना बारीक शिट्टी वाजायची. खिडकीजवळचे एक मास्तर झोपेत मध्येच थांबायचे, इतका वेळ की माझाच जीव वर यायचा, आणि मग जुन्या रिक्षाने किक घ्यावी तसे पुन्हा सुरू व्हायचे. डेंग्यूच्या कॉलेजकुमाराचा श्वास लहान आणि घाईचा, जणू त्याला लेक्चरला उशीर झालाय. मी एकेका खाटेशी उभी राहून, वॉर्डाच्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजत, बघत होते. देवळात उभं राहिल्यावर मला कधी जे वाटलं नाही ते तिथे फिनेलच्या वासात वाटत होतं.

बाराव्या खाटेवर खारदांड्याचे कोळी मामा होते. शुगर वाढली म्हणून दाखल झालेले, छाती दाराएवढी. त्यांचा श्वास आला नऊ. मी पुन्हा मोजला. आठ. मी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी मामांना पुढून मागून तपासलं. सगळं उत्तम. डॉक्टर माझ्याकडे बघून निघून गेले.

परब सिस्टर आल्या. "तू तेच्या पोटाकडे बघीत रवलंस तर तो काय करतलो? पोट आत ओढून धरतलो."

मामांनी लाजत कबूल केलं. तरुण मुलगी टक लावून पोटाकडे बघते आहे, त्यांना वाटलं ढेरीचं माप चाललंय.

मग परब सिस्टरनी मला दाखवलं. आमच्या वॉर्डात मनगटी घड्याळ घालायला परवानगी नाही, मोबाइल लॉकरमध्ये. त्यांच्या छातीवर पिनेने लावलेलं एक उलटं घड्याळ असतं. मामांचा हात त्यांनी मनगटाशी धरला, घड्याळाकडे नजर लावली. अर्धं मिनिट नाडी. आणि मग हात सोडलाच नाही. मामांना वाटलं नाडीच चालली आहे. ते सैल पडले. सिस्टरची नजर घड्याळावर आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून छातीवर. सतरा.

सव्वीस वर्षं वीस लिहिणाऱ्या बाईला हे इतकं सुरेख कसं येतं, असं मी जरा कुचकटपणेच विचारलं.

"शिकवलेला इसरूक नाय गो," त्या म्हणाल्या. "वेळ नव्हतो."

मी ट्रेकडे वळले तर माझ्या वाटची निम्मी इंजेक्शनं देऊन झाली होती. कधी दिली, तेही मला कळलं नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरला चार्ज देईपर्यंत सव्वीस जण मोजून झाले. चौदा रकाने कोरे राहिले.

*

हात धरण्याची आणखी एक करामत आहे. ती गायकवाड सिस्टरची.

भेटीच्या वेळेत तेविसाव्या खाटेशी दोन भाऊ भांडायला लागले. वडील खाटेवर, उपचारांच्या संमतीची सही कुणी करायची यावरून वाद. एक मुलुंडचा, एक ठाण्याचा, मागे दोघांच्या बायका, मेहुणे, कुणीतरी व्हिडिओ काढतोय. सिक्युरिटी आला, त्याचं कुणी ऐकलं नाही. मी ओरडले, माझंही नाही.

शेजारच्या वॉर्डातून गायकवाड सिस्टर आल्या आणि गर्दीतून आत शिरल्या. म्हाताऱ्यांच्या जवळ गेल्याच नाहीत. थोरल्या भावाचं मनगट धरलं आणि परब सिस्टरकडून मागून घेतलेल्या घड्याळात बघायला लागल्या. तो चांगला धडधाकट माणूस. पण बोलता बोलता थांबला. धाकटाही थांबला. बायका गप्प, मेहुणे गप्प. नर्स घड्याळात बघत असताना बोलायचं नसतं हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. एक मिनिट तो सगळा गोतावळा पुतळ्यासारखा उभा.

शेवटी थोरल्याने घाबरून विचारलं, "सिस्टर, मला काय झालंय?"

"काही नाही," गायकवाड सिस्टर म्हणाल्या. "आता बोला, पण एकेकाने."

*

सतराव्या खाटेच्या आजोबांचा किस्सा हसण्यातला नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

दुपारी साडेतीन. मी पहिल्या रांगेत होते. परब सिस्टर बेडशीट्सचा ढीग घेऊन दारातून आत आल्या, चालता चालता एकदा वॉर्डभर नजर फिरवली आणि ढीग तिथेच टाकला. "सतराला ऑक्सिजन लाव. डॉक्टरांना बोलव. पळ."

आजोबा शांत पडले होते. तक्रार काही नाही. पांघरूण गळ्यापर्यंत. मी ऑक्सिजन लावला, मनगट धरलं आणि मोजायला लागले. छत्तीस. दारापासून सतरावी खाट चांगली दहा-बारा पावलं लांब आहे. तिथून त्यांना पांघरुणावरच्या पट्ट्या हलताना दिसल्या होत्या.

डॉक्टर आले, आजोबांना आयसीयूत हलवलं. न्यूमोनिया पसरला होता. आजोबा वाचले. बारा दिवसांनी स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेले.

पण त्या दुपारी आयसीयूत नेण्याआधी डॉक्टरांनी चार्ट हातात घेतला आणि म्हणाले, अचानक कसं? काल रात्री वीस, आज सकाळी वीस, दोन वाजता वीस. दोन वाजताचा वीस परब सिस्टरच्या अक्षरात होता.

नंतर त्या लिननच्या खोलीत चादरी मोजत उभ्या होत्या. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. आधी मला म्हणायचं होतं, की तुमच्यासारखी नजर मला सात जन्मांत येणार नाही. ते मी म्हटलं. मग मला जे म्हणायचं होतं तेही म्हटलं. "सिस्टर, तुम्हाला दिसतं. कागदाला दिसत नाही. तुम्ही दारातून आत आला नसतात तर आम्ही सगळे तुमचा वीस वाचत बसलो असतो."

त्यांनी त्याच चादरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

*

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. आठच्या आठ पास. त्याच आठवड्यात बाहेरून तपासणीची टीम येणार असं कळलं आणि सगळ्या वॉर्डांचे जुने चार्ट बाहेर निघाले. माझ्या ड्युटीच्या चार्टांवर श्वासाच्या रकान्यात तेरा, एकोणीस, चोवीस असे आकडे आणि मध्ये मध्ये कोऱ्या जागा.

मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. आत मॅडम होत्या, सुपरिंटेंडंट सर होते आणि मोठ्या मॅडम होत्या. मोठ्या मॅडम म्हणजे आधीच्या मेट्रन, निवृत्त झाल्या तरी सल्लागार म्हणून येतात. वॉर्डाच्या इनचार्ज म्हणून परब सिस्टरनाही बोलावलं होतं, त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. टेबलावर चार्टांचा गठ्ठा आणि त्याच्या बाजूला टाइप केलेलं एक पान. दुसऱ्या वर्षाचं शिफारसपत्र, माझ्या नावाचं. सहीची जागा रिकामी.

मॅडम चांगल्या बोलल्या. माझं कौतुक केलं, निकाल बघितला म्हणाल्या. मग गठ्ठा माझ्याकडे सरकवला. कोरा रकाना म्हणजे काम झालं नाही असा अर्थ होतो, टीम पहिलं बोट त्यावरच ठेवेल. तेव्हा इथेच बस, वीस वीस भरून टाक. मग मी सही करते.

मी म्हटलं, "मॅडम, यातले बरेच जण घरी गेले. त्यांचा श्वास मी आता कुठून आणू?"

सर म्हणाले, ही औपचारिकता आहे, तिचा एवढा बाऊ करू नये. मी सतराव्या खाटेच्या आजोबांचं सांगितलं. ते वाचले ना, असं सर म्हणाले. मी परब सिस्टरकडे बघितलं नाही. त्यांच्यामुळे वाचले आणि त्यांच्याच चार्टामुळे मेले असते, हे त्यांच्यासमोर कसं म्हणणार?

मोठ्या मॅडम म्हणाल्या, परबला वीस मी शिकवला. मला माझ्या मेट्रनने शिकवला. आम्ही कुणी प्रश्न विचारले नाहीत, म्हणून हॉस्पिटलं चालली. आवाजात राग नव्हता. मला वाटतं त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

"मी भरणार नाही," मी म्हटलं. "जो मोजला नाही तो लिहिणार नाही. पत्र नका देऊ."

मेट्रन मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या उभ्याच राहिल्या. डिग्रीचं एक वर्ष झालं तर ही आम्हाला शिकवायला लागली. चाळीस पेशंट आणि प्रत्येकाला एक मिनिट! कुणाकडे असतं एक मिनिट? एक मिनिट म्हणजे केवढं असतं ते तरी ठाऊक आहे का हिला?

"आहे," मी म्हटलं. "दाखवते. बसा मॅडम, आणि हात द्या."

त्या बसल्या. हातही दिला. का दिला, ते त्यांनाच ठाऊक.

मी मनगट धरलं. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. भिंतीजवळून परब सिस्टर पुढे आल्या. त्यांनी छातीवरची पिन काढली आणि घड्याळ टेबलावर ठेवलं, त्या पत्रावर, काटे माझ्याकडे करून.

सर काहीतरी म्हणायला लागले. मोठ्या मॅडमनी त्यांच्याकडे न बघताच बोट वर केलं. सरांचा मोबाइल वाजला, त्यांनी तो बंद केला.

अर्ध्या मिनिटात नाडी झाली. मी हात सोडला नाही.